कोप्या उभ्या राहण्याआधी



दसरा झाला की आपल्या रस्त्यांवर ट्रॅक्टरच्या रांगा लागतील. बीडच्या शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, केज, धारूरकडून आणि आपल्याच नगर जिल्ह्यातल्या पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून ऊस तोडणारी माणसं येतील. ट्रॉलीत पत्र्याची पेटी, पाण्याचा ड्रम, जळण, पिठाची गोणी, चार कोंबड्या, एखादी म्हातारी आणि तान्ही पोरं. कारखान्याच्या आसपास, पाटाच्या कडेला, गावाबाहेरच्या पडीक रानात बांबू-ताडपत्रीच्या कोप्या उभ्या राहतील. पुढचे पाच-सहा महिने ही माणसं आपल्या शिवारात राहतील आणि पट्टा पडला की निघून जातील. यातल्या कितीतरी कोप्या चर्चच्या घंटेचा आवाज पोचेल इतक्या जवळ असतात. राहुरी, श्रीरामपूर, नेवासे, राहाता, कोपरगाव, संगमनेर या भागातल्या मंडळ्यांना हे मी नव्यानं सांगायला नको.

माझी विनंती एकच आहे आणि ती तातडीची आहे. येत्या रविवारी उपासना किंवा मिस्सा संपल्यावर पाळकांनी, फादरांनी, कमिटीच्या वडीलधाऱ्यांनी लोकांना अर्धा तास थांबवून घ्यावं आणि मंडळी म्हणून ठरवावं, की आपल्या चर्चजवळच्या कोप्यांतल्या माणसांना त्यांच्या हक्काचं मिळतं की नाही हे या हंगामात आपण पाहणार. रेशन, शाळा, दवाखाना आणि हिशोबाचा कागद, एवढंच. पंथ कोणताही असो. कॅथलिक असोत, सीएनआयचे म्हणजे उत्तर भारतीय मंडळीचे असोत, मुक्तिफौजेचे असोत की गावातल्या पत्र्याच्या शेडमध्ये जमणारी स्वतंत्र संगती असो, उसाचा फड सगळ्यांच्या शेजारी आहे.

हे आत्ताच करायला हवं. ऊसतोड मजुरांची टोळी उतरल्यावर पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत मूल शाळेत गेलं नाही तर ते बहुधा हंगामभर जात नाही. गरोदर बाईची नोंद नोव्हेंबरात राहिली, तर जानेवारीत कळा सुरू झाल्यावर रात्री धावपळ करायची ती कोणाच्या भरवशावर? आणि पहिल्या खेपेपासून वजन लिहून ठेवलं नसेल तर शेवटी टोळी आणणाऱ्या मुकादमाच्या तोंडून निघेल तोच हिशोब.

बऱ्याच मंडळ्या डिसेंबरात कोप्यांवर जातात, हे मला माहीत आहे. ब्लँकेट, केक, करंज्या, एखादं गीत, मग फोटो. थंडीत ब्लँकेट कामाला येतं, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण ज्या बाईच्या हातात आपण ते देतो, तिच्या नावाचं धान्य तिच्या गावच्या दुकानात पडून आहे की परस्पर उचललं जातं, हे आपण विचारत नाही. नवऱ्याबरोबर ती दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडते आणि तिच्या नावानं एक पावती निघत नाही, हेही विचारत नाही. आपल्याकडचं द्यायला घर सोडून फार लांब जावं लागत नाही. तिचं तिला मिळवून द्यायचं म्हटलं की तहसीलदार, मुख्याध्यापक, कारखान्याचा शेतकी अधिकारी आणि कधीकधी आपल्याच बाकावर बसणारा बागायतदार यांच्यासमोर उभं राहावं लागतं. म्हणून आपण डिसेंबरची वाट पाहतो.

हा व्यवहार कसा चालतो ते आपल्यातल्या अनेकांना अर्धवट माहीत असतं, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. पावसाळ्यात, घरातलं धान्य संपत आलेलं असतं तेव्हा, लग्न, आजारपण किंवा जुनं देणं डोक्यावर घेऊन जोडपं मुकादमाकडून उचल घेतं. ती पन्नास हजार असेल, लाख असेल, जास्तही असेल. मुकादमाला पैसा वाहतूकदाराकडून मिळतो, वाहतूकदाराला कारखान्याकडून. कागद होतो तो कारखाना आणि वाहतूकदार यांच्यात, पुढे वाहतूकदार आणि मुकादम यांच्यात. ऊस तोडणाऱ्या जोडप्याच्या हातात कागद नसतो. त्यामुळे कोप्यांवर पाणी नाही म्हटलं की कारखाना म्हणतो ही आमची माणसं नाहीत, वाहतूकदार म्हणतो मुकादमाला विचारा, आणि मुकादम म्हणतो मी कुठून आणू. राज्यात अशी माणसं दहा लाखांच्या आसपास मानली जातात. एवढ्या माणसांचा मालक कोण, याचं उत्तर कोणीच देत नाही.

ऊस तोडायचा, पाचट काढायचं, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढवायची. गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला भरायची. 2024 च्या जानेवारीत झालेल्या करारात तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली, आणि तरीही टनाला तो पावणेचारशेच्या आतच राहिला. म्हणजे दोन माणसांच्या बारा-चौदा तासांचे सहा-सातशे रुपये आणि त्यातूनच उचल वळती. खाडा झाला की दंड. ताप आला तरी खाडाच. पाळीत पोट दुखलं तरी खाडाच.

त्या दुखण्याचा शेवट कुठे होतो ते 2019 मध्ये सगळ्या महाराष्ट्रानं वाचलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या 82 हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीची माहिती आली. त्यातल्या 13 हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली होती, आणि त्यात चाळिशीही न गाठलेल्या पुष्कळ होत्या. खळबळ झाली, विधिमंडळात चर्चा झाली, आणि पुढच्या दसऱ्याला बायका पुन्हा फडात उतरल्या. ते फड कुठल्या परमुलखात नाहीत. काही आपल्या मंडळीतल्या लोकांच्या सातबाऱ्यावर आहेत.

आपण कोण हे जरा आठवून पाहू. अमेरिकन मराठी मिशननं अहमदनगरला 1831 मध्ये काम सुरू केलं. पुढे या जिल्ह्यात ज्या घरांनी बाप्तिस्मा घेतला त्यातली बहुतेक महारवाड्यातली आणि मांगवाड्यातली होती. गावकीची वेठ त्यांच्या मानेवर होती. सांगावा नेणं, मेलेलं ढोर ओढणं, साहेबाचं ओझं पुढच्या गावापर्यंत पोचवणं, आणि मोबदला काय, तर बलुतं आणि मागून आणलेली भाकर. ती वतनं कायद्यानं संपायला 1958 उजाडावं लागलं. आज मंडळीत पंचाऐंशीच्या पुढचे जे आजोबा पुढच्या बाकावर बसतात, त्यांना विचारा. अंगावर आगाऊ घेतलेल्या पैशापायी माणूस सहा महिने दुसऱ्याच्या हुकमात राहतो म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावं लागणार नाही. आपल्या घरांना मिशनच्या शाळेनं अक्षर दिलं, परिचारिका प्रशिक्षणानं पगार दिला, आणि तीन पिढ्यांत आपण वेठीतून बाहेर पडलो. आपल्या जागी आता दुसरं कोणी आलं आहे, आणि आपण नाताळला त्याच्यासाठी करंज्या नेतो.

सावित्रीबाई फुले अध्यापनाचं शिक्षण घ्यायला अहमदनगरला मिस सिंथिया फरार यांच्या शाळेत आल्या होत्या, हे आपण दर 3 जानेवारीला अभिमानानं सांगतो. सांगावंच. त्याच दिवशी आपल्या शिवारातल्या फडात शाळेच्या वयाच्या किती मुली धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन उभ्या आहेत, तेही एकदा मोजून यावं. पंडिता रमाबाईंचंही तसंच. दुष्काळातल्या मुलींना केडगावला आणून मुक्तिमिशनमध्ये वाढवणाऱ्या रमाबाई आपल्याला आवडतात, त्यांची तसबीर आपण लावतो. पण 1897 मध्ये प्लेगच्या दिवसांत पुण्याच्या सरकारी छावणीत स्त्रियांचे काय हाल होतात, हे वर्तमानपत्रात लिहून याच रमाबाईंनी सरकारला जाब विचारला होता. सरकार ख्रिस्ती होतं, त्याचा मुलाहिजा त्यांनी ठेवला नाही. रविवारच्या शाळेत ही रमाबाई शिकवली जात नाही.

शास्त्राचंही आपण असंच अर्धं वाचन करतो. याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय प्रत्येक मंडळीला पाठ आहे, कारण आजाऱ्यासाठी वडिलांना बोलवून तेल लावून प्रार्थना करण्याचा भाग त्यात आहे. त्याच अध्यायाच्या सुरुवातीला मात्र श्रीमंतांच्या शेतात कापणी करणारे मजूर आहेत. त्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती हाक परमेश्वराच्या कानी जाते, असा त्या भागाचा आशय आहे. घरी गेल्यावर पुस्तक उघडून पाहा. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या मंडळीत हा भाग वर्षातून एकदा तरी, कापणीच्या सणाला, वाचला जायला हवा. त्या दिवशी आपण व्यासपीठाजवळ ऊस उभा करतो, भोपळे-मक्याची कणसं मांडतो, मग लिलाव होतो आणि पैसा मंडळीच्या निधीत जातो. यंदाच्या लिलावातला काही वाटा या कामासाठी बाजूला काढा. फार लागत नाही. वह्या, पेट्रोल, झेरॉक्स, तालुक्याला जाण्या-येण्याचं भाडं.

बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायातला मजुरीचा नियम तर बागायतदारांनी आपल्या पाकिटात ठेवावा असा आहे. गरीब मजुराचा रोज त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी चुकता करायचा, मग तो भाऊबंद असो की परमुलखातला. आणि रूथची गोष्ट. सरवा वेचायला आलेल्या त्या परक्या बाईला बवाजानं धान्य तर दिलंच, पण त्याआधी आपल्या गड्यांना ताकीद दिली, की हिच्या अंगाला कोणी हात लावायचा नाही. शेतमालकाचं पहिलं काम ते होतं. फडात बाईशी कोण कसं वागतं हे बांधावर उभ्या असलेल्या मालकाला दिसत नाही असं मला कोणी सांगू नये.

आता कामाचं बोलू.

टोळी उतरल्यावर पहिल्या आठवड्यात कोप्यांवर जा, पण काहीही वाटू नका. आशाताई किंवा अंगणवाडीसेविकेला बरोबर घ्या, ग्रामपंचायतीचा एखादा सदस्य तयार असेल तर त्यालाही. माणसं पहाटे चार-पाचला फडात जातात, त्यामुळे संध्याकाळी जा आणि दिवेलागणीला चूल पेटलेली असताना गर्दी करू नका, दोघं-तिघं पुरेत. दिवसा गेलात तर भेटतील म्हातारी माणसं आणि मुलं. त्यांच्याशी बोलणंही महत्त्वाचं आहे, पण हिशोबाचं बोलणं बाईशी आणि पुरुषाशी, दोघांशी झालं पाहिजे. गावाकडची सगळी कागदपत्रं अनेकदा बाईच्या पिशवीत असतात.

आपल्या समाजात निवृत्त शिक्षक आणि निवृत्त परिचारिका जितक्या आहेत, तितक्या या जिल्ह्यात दुसऱ्या कुठल्या छोट्या समाजात क्वचितच सापडतील. सुरुवात त्यांच्यापासून करा. शिक्षण हक्क कायदा 2009 चा आहे. त्यानुसार सहा ते चौदा वयाच्या मुलाला दाखला नाही या कारणावरून शाळा परत पाठवू शकत नाही, आणि वयानुसार योग्य वर्गात बसवणं तिचं काम आहे. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाची सोयही राज्यात आहे. तरी मूल शाळेच्या दारात एकटं गेलं तर परत येतं, आणि त्याच्याबरोबर पांढऱ्या केसांचे गुरुजी किंवा बाई गेल्या तर खुर्ची सरकवली जाते. आपला देश असाच चालतो, त्याचा उपयोग करून घ्या. चर्चच्या हॉलमध्ये वर्ग भरवण्याचा मोह होईल. दुपारी अभ्यास घ्यायला तो जरूर भरवा, पण मुलाचं नाव जिल्हा परिषदेच्या पटावर चढल्याशिवाय नको. आपला वर्ग म्हणजे पोषण आहार नाही, पुस्तकं नाहीत, पुढच्या इयत्तेत गेल्याची नोंद नाही. मुलांना गावाकडे ठेवण्याची तयारी असेल तर तिथल्या मुख्याध्यापकांना फोन करून हंगामी वसतिगृहाचं विचारा. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावानं 41 तालुक्यांत 82 वसतिगृहांची योजना शासनानं केली आहे. आपल्या कोप्यांतल्या मुलीचा तालुका त्यात आहे का, तिथलं वसतिगृह सुरू आहे का, हे विचारणं एका फोनचं काम आहे. मुलीला मागे ठेवायला जागा नाही म्हणून तिचं तेराव्या-चौदाव्या वर्षी लग्न लावून टाकतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

परिचारिकांनी गरोदर आणि ओल्या बाळंतिणींची यादी करून अंगणवाडीत आणि उपकेंद्रात नोंद करून घ्यावी. लसीकरणाचं कार्ड गावी राहिलं असेल तर फोटो मागवता येतो. 102 आणि 108 हे क्रमांक कोपीतल्या प्रत्येक बाईला पाठ झाले पाहिजेत, आणि रात्री गाडी आली तर ती नेमकी कुठल्या पाटाच्या कडेला यायची, हे सांगायला गावातला एक फोन नंबर त्यांच्याकडे हवा. कोणत्याही खाजगी डॉक्टरनं गर्भपिशवी काढायला सांगितली, तर त्या बाईला सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरकडे घेऊन जा. स्वतः घेऊन जा, नुसतं सांगू नका. एक खाडा पडेल. तो दंड मंडळीनं भरला तरी चालेल. माझ्या मते आपल्या दानपेटीचा इतका सरळ उपयोग दुसरा नाही.

रेशन कार्ड आधारशी जोडलेलं असेल तर धान्य देशातल्या कुठल्याही दुकानात अंगठा देऊन मिळतं, आणि मागे राहिलेल्या सासूसासऱ्यांना त्यांचा वाटा गावी घेता येतो. हे कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात दुकानदार म्हणतो मशीन चालत नाही, कोटा आला नाही, तुमच्या गावाला जा. आपल्या तरुण संघातला एखादा मुलगा मोबाइल घेऊन शेजारी उभा राहिला, नाही म्हणत असाल तर कारण लिहून द्या म्हणाला, की बहुतेक वेळा मशीन चालू होतं.

पाणी, दिवा आणि संडास यांसाठी कारखान्याच्या कार्यकारी संचालकांना आणि ग्रामपंचायतीला लेखी पत्र द्या, पोच घ्या. मंडळीचं लेटरहेड आपण बाप्तिस्म्याच्या दाखल्यासाठी आणि दफनभूमीच्या अर्जासाठी काढतो, या पत्रासाठीही निघू दे. बिबट्याची दहशत आपल्या भागात काय आहे ते वेगळं सांगायला नको. पहाटेच्या अंधारात आडोशाला जाणारी बाई आणि कोपीच्या तोंडाशी झोपलेलं मूल, दोघांनाही त्याचा धोका सर्वांत जास्त. सौरदिव्याचा एक खांब ही कारखान्याला जड जाणारी गोष्ट नाही.

हिशोबाचा भाग सर्वांत नाजूक, आणि माझ्या दृष्टीनं सर्वांत मोलाचा. प्रत्येक कोयत्याला एक वही. उचल किती घेतली, कोणाकडून, त्यावर कोणाची सही. मग रोज गाडीचा नंबर, तारीख, कारखान्याच्या काट्यावर झालेलं वजन, पंधरवड्याला मिळालेली खर्ची, कापलेला दंड. वजनपावतीचा फोटो काढून ठेवायचा. पावती दाखवायला मुकादम तयार नसेल तर तेही तारखेसह लिहायचं. दोघांपैकी एकाला तरी लिहिता येतंच असं नाही, म्हणून आठवड्यातून एक संध्याकाळ महिला मंडळातल्या कोणीतरी बसून वही भरून द्यावी. वही कोपीत राहील आणि तिचा फोटो मंडळीकडे. यात कोणाशी भांडण नाही. लिहिलेलं असतं तिथे आकडे फारसे फिरत नाहीत, इतकंच. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं जे कल्याण महामंडळ आहे, त्याच्या योजनांसाठीही कामगाराची नोंद आणि ओळखपत्र लागतं. ते गावच्या ग्रामसेवकाकडून निघतं. ज्यांच्याकडे नाही त्यांची यादी करून ठेवा.

आणि मार्च-एप्रिल. हंगाम संपताना उचल फिटली नाही म्हणून कुटुंबाला जाऊ न देणं, एखाद्याला डांबून ठेवणं, बैलजोडी किंवा पोरगं ओलीस ठेवणं, असं काही आपल्या शिवारात घडलं तर तो देण्याघेण्याचा वाद नसतो, गुन्हा असतो. वेठबिगारी 1976 च्या कायद्यानं संपवली आहे. अशा बांधून ठेवणाऱ्या कर्जाची परतफेड करण्याचं बंधनही त्याच कायद्यानं उरत नाही, आणि कारवाईची जबाबदारी जिल्हाधिकारी आणि प्रांत यांच्यावर आहे. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणं हीदेखील वेठच, असं सर्वोच्च न्यायालयानं 1982 मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात म्हटलं आहे. तेव्हा मध्यस्थी करायला, पैशाची तडजोड घडवायला पाळकांनी जाऊ नये. 112 ला फोन करावा, प्रांत कार्यालयात लेखी द्यावं, आणि 15100 वर विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं. स्त्रियांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसांना आणि वेठबिगारांना तिथे वकील फुकट मिळतो. माणसं घरी पोचेपर्यंत त्यांच्या संपर्कात राहा.

आता ज्या गोष्टी रविवारी कोणी ना कोणी बोलून दाखवील त्यांच्याबद्दल.

धर्मांतराचा आरोप होईल. होईलच, आजचे दिवस तसे आहेत. म्हणून स्पष्ट सांगतो. या कामात पत्रक नको, नवा करार वाटायचा नाही, बरं होण्याच्या प्रार्थनेचं आमिष नको, उपासनेला येण्याचा आग्रह नको. सगळं उघड्यावर, ग्रामपंचायतीला कळवून, गावातल्या इतर धर्माच्या माणसांना बरोबर घेऊन. हे भीतीपोटी करायचं नाही. दहा कुष्ठरोगी बरे झाले, आभार मानायला एकच परतला, म्हणून प्रभूनं बाकी नऊ जणांचं बरेपण काढून घेतलं नाही. ज्याला हे पटत नाही त्यानं कोप्यांवर न गेलेलं बरं.

बागायतदार म्हणतील, आमचंच कोण बघतं. त्यांचं खोटं नाही. ऊस वेळेवर तुटावा म्हणून टोळीला खुशाली द्यावी लागते, ड्रायव्हरला एंट्री द्यावी लागते, आणि बिल चौदा दिवसांत द्यायचा नियम असून ते कधी येईल ते कारखान्याला माहीत. वाहतूकदारही कर्ज काढून उचल वाटतो आणि मुकादम ती घेऊन गायब होतो, अशा तक्रारी दर हंगामात पोलीस ठाण्यात जातात. हे सगळं मान्य. पण या साखळीत खाली खाली जाणारा भार शेवटी ज्याच्या डोक्यावर मोळी आहे त्याच्यावरच येऊन थांबतो, हेही मान्य करा. आणि आपल्या रानात ऊस तुटत असताना टोळीला प्यायचं पाणी, सावलीची जागा आणि बायकांना वापरायला आपल्या घरचा संडास, एवढं द्यायला कारखान्याची परवानगी लागत नाही.

तिसरी अडचण कोणी मोठ्यानं बोलणार नाही, म्हणून मीच बोलतो. कारखान्याचे संचालक आपल्या नाताळच्या कार्यक्रमाला पाहुणे असतात. हॉलचे पत्रे, कंपाउंडची भिंत, मुलाची नोकरी, यांत त्यांचा हात असतो. आपला समाज लहान, मतं थोडी, आणि मिशनच्या जागांचे वाद डोक्यावर. त्यांना दुखवायची छाती होत नाही. पण या जिल्ह्यात साखर आणि चर्च पहिल्यापासून शेजारी आहेत. हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला सप्टेंबरात लाखांनी लोक जमतात, आणि त्या गावाची ओळख घडली ती बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्यानं. शेजाऱ्याशी बोलायला भीती कसली? संचालकांना बोलवा, शाल-श्रीफळ द्या, आणि त्याच व्यासपीठावर दिवा-पाण्याचं पत्रही हातात द्या. फोटोत दोन्ही येऊ द्या.

ख्रिस्ती नसलेल्या वाचकांनाही ही विनंती आहे. तुमच्या गावात छोटीशी मंडळी असेल आणि तिथले लोक वही घेऊन कोप्यांवर जाताना दिसले, तर संशय घेण्याआधी त्यांच्याबरोबर एक फेरी मारा. भजनी मंडळ, बचत गट, बुद्धविहाराचे कार्यकर्ते, मशिदीतले जाणते, कोणीही चालेल. काम इतकं आहे की एका मंडळीला झेपणार नाही.

मंडळीतल्यांनो, रविवारी थांबा. वही-पेन बरोबर असू द्या. ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे, ज्यांचा ऊस यंदा तुटायचा आहे, जे कारखान्यात नोकरीला आहेत, त्यांनी तर आवर्जून थांबावं. आपल्या शिवारात यंदा किती टोळ्या उतरणार, कुठल्या तालुक्यातल्या, मुकादम कोण आणि कोप्या कुठल्या रानात पडणार, ही पहिली माहिती त्यांच्याकडूनच मिळणार आहे.